चार म्हशी, एक शेततळे आणि सहा लाख रुपये

कागल तालुक्यातील एका भगिनींचा प्रश्न: यजमान निवृत्त झाले असून हाती ६ लाख रुपये आले आहेत. दीड एकर बागायत आहे आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत. बँकेचे ३ लाखांचे कर्ज घेऊन चार मुऱ्हा म्हशी (४ लाख ८० हजार), वाढीव गोठा (१ लाख २० हजार) आणि दहा गुंठ्यांत प्लास्टिक अस्तराचे मत्स्यतळे (३ लाख) असे सगळे यंदाच करावे काय? मुलगा दोन वर्षांनी डिप्लोमाला जाणार आहे.

ताई, नमस्कार. तुम्ही दूध बिलाच्या चिठ्ठ्या सोबत पाठवल्या, हे फार बरे केले. त्यांवरून सरासरी ५८ रुपये लिटर हा दर आणि ३४ रुपये किलो हा पेंडीचा भाव धरून हिशोब मांडतो.

चांगली म्हैस एका वेतात ३०० दिवस सरासरी ८ लिटर देते असे धरले, तर २,४०० लिटरचे १,३९,२०० रुपये होतात. पण म्हैस दहा महिन्यांहून अधिक काळ गाभण राहते आणि व्याल्यावर पुन्हा भरायलाही काही महिने जातात, म्हणून दोन वेतांतले अंतर १५ महिन्यांपेक्षा कमी धरू नये. दुधात असताना रोज ६ किलो व भाकड असताना २ किलो पेंड, रोजची ४० रुपयांची सुकी वैरण आणि डॉक्टर-विम्याचे ८ हजार धरले, तर खर्च ९७,४०० रुपयांवर जातो. उरतात ४१,८००, म्हणजे महिन्याला म्हशीमागे सुमारे २,८०० रुपये. त्यात तुमची मजुरी धरलेली नाही आणि हिरवी वैरण घरची आहे असे गृहीत आहे.

चार म्हशींचे महिन्याला ११ हजार आणि ३ लाखांच्या कर्जाचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ६,५००, म्हणजे कागदावर हे जमते. मात्र चारही ताज्या व्यालेल्या म्हशी एकाच महिन्यात दावणीला बांधल्या, तर त्या भाकडही एकदमच होतील. त्या पाच महिन्यांत चौघींचे खाणे १२,९६० आणि हप्ता मिळून दरमहा साडेएकोणीस हजार रुपये लागतील, म्हणजे एकूण सुमारे ९७ हजार, आणि दर दहा दिवसांच्या बिलात या म्हशींचा एक रुपयाही नसेल. दुधाचे कर्ज थकते ते बहुधा याच काळात. दुधाचा दर कमी पडला म्हणून थकल्याचे मी त्या मानाने कमी पाहिले आहे.

शिवाय म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याजोगा काळ, पुष्कळदा मुका असतो, उन्हाळ्यात तर विशेषच. ओरडणे नाही, अस्वस्थपणा नाही. पहाटे बसल्या जागी सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसला तरच कळते. तो एकदा नजरेतून सुटला की पुढची संधी २१ दिवसांनी, आणि भाकड म्हशीचे रोजचे १०८ रुपये धरले तर त्या एका चुकीची किंमत २,२६८ रुपये होते. सहा जनावरांवर ही नजर एकट्या बाईने ठेवणे कठीण आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

आता तळे. शेण तळ्यात, तळ्याचे पाणी पिकाला, अशी सांगड व्हिएतनाममधील लहान शेतकरी बाग, तळे आणि गोठा एकत्र करून घालत आले आहेत, आणि ती कल्पना खरोखर चांगली आहे. परंतु दहा गुंठ्यांत रोहू, कटला, मृगळची ८०० बोटुकली (बोटाएवढी पिले) सोडून ६५ टक्के जगली आणि पाऊण किलोची झाली, तर ३९० किलो मासळी मिळते. १२० रुपये ठोक भावाने ४६,८०० रुपये येतात आणि खाद्य, बीज, जाळे वजा जाता वर्षाला साडेसोळा हजारांच्या आसपास उरतात. ३ लाखांवर हा परतावा साडेपाच टक्के झाला. एवढे तर मुदत ठेवही देते, आणि ढगाळ पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे तोंड वर काढतील ही धास्ती तिथे नसते. मत्स्यसंपदा योजनेत स्त्रियांना ६० टक्के अनुदान ठेवलेले आहे; ते मिळाले तर हे गणित पालटते, पण पैसे हाती येण्याआधी त्यावर भिस्त ठेवून खोदकाम सुरू करू नये. माझा खरा आक्षेप निराळा आहे. त्याच दहा गुंठ्यांतले संकरित नेपिअर गवत दोन म्हशींना वर्षभर पुरते. तळे केलेत तर म्हशींची वैरण विकत आणावी लागेल आणि वरचा २,८०० चा आकडा तिथेच कोसळेल. पडीक तुकडा असता, तर मी वेगळे सांगितले असते.

म्हणून माझे मत असे: कर्ज नको, तळे तूर्त नको. एक म्हैस आता घ्यावी आणि दुसरी सहा महिन्यांनी, म्हणजे दावणीला कोणी ना कोणी दुधात राहील. दोन म्हशींना २ लाख ४० हजार, गोठ्याला ६० हजार, भाकड काळासाठी बचत खात्यात १ लाख, आणि मुलाच्या शिक्षणाचे २ लाख दोन वर्षांच्या ठेवीत ठेवून त्यांना हात लावू नये. पेंडीसाठी पैसे कमी पडले, तर पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड काढावे. २ लाखांपर्यंत वेळेवर फेड केल्यास व्याज ४ टक्केच पडते.

मुऱ्हाच हवी असा हट्ट मात्र धरू नका. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार देणारी पंढरपुरी दूध थोडे कमी देते, पण खातेही कमी आणि इथल्या हवेला सरावलेली असते. कोणतीही घेतलीत तरी दुसऱ्या वेताची घ्या, सलग तीन वेळची धार स्वतः समोर बसून पाहा, आणि विम्याच्या कागदावरचा बिल्ल्याचा क्रमांक कानातल्या बारा अंकी बिल्ल्याशी ताडून मगच पैसे द्या. बिल्ला गळून पडला, तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा.