दुकानाला अलार्म लावायला नागपुरात परवाना लागतो का? आणि तो रात्री उगाच वाजतो, त्याचं काय करावं?

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत अलार्मचा परवाना काढावा लागतो आणि तो वारंवार विनाकारण वाजला तर दंड बसतो. आमच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात अलार्म लावून सहा वर्षं झाली, आम्हाला असा परवाना कोणी मागितला नाही. पण २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच. रात्री १० ते सकाळी ६ व्यापारी भागात मर्यादा ५५ डेसिबलची, आणि अलार्मचा भोंगा त्याच्या कितीतरी वर जातो. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर ते चूक नाहीत.

आता उगाच वाजण्याचं. पहिल्या पावसाळ्यात आमचा अलार्म दर दोन-चार रात्रींनी वाजायचा, दोन-अडीचच्या सुमारास. बाबा तेव्हा ६७ वर्षांचे. फोन आला की मानेवाड्याहून स्कूटर काढून इतवारीत जायचे, शटर तपासायचे, समोरच्या काकांची माफी मागायचे आणि चारला परत येऊन ओला रेनकोट खुंटीला टांगायचे. बसवणारा म्हणाला, उंदीर आहेत. पिंजरे लावले, गोळ्या टाकल्या, फरक शून्य. मग एकदम सगळं शांत झालं. दादानं ‘दुरुस्त करून घेतला’ म्हणून सांगितलं आणि बाबा निवांत झोपायला लागले.

दिवाळीच्या साफसफाईत भोंग्याची वायर माझ्या हातात आली. कापलेली, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

त्या रात्री मी दुकानातच गादी टाकली. सेन्सर उष्णतेतल्या फरकावरून हालचाल ओळखतो आणि जरा हललं की त्यावर लाल ठिपका पेटतो, म्हणून निपचित पडून राहिलो. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब आमच्याकडे रात्रभर चालू असतो आणि सेन्सर त्याच्यापासून वीतभर लांब. बल्बभोवती चिलटं, चिलटांमागे पाल. सव्वादोनला ती सेन्सरच्या पांढऱ्या काचेवरून सरकली आणि ठिपका पेटला. लांबून पाल काहीच नाही, पण काचेवरच चढली की सेन्सरला तो माणसाएवढा बदल वाटतो. दुसऱ्या दिवशी सेन्सर समोरच्या कोपऱ्यात नेला. बल्ब तसाच आहे.

दादा अजून म्हणतो, मशीनच भंगार होतं आणि तसंही चोरी कुठे झाली? माझं म्हणणं वेगळं आहे. मशीननं प्रत्येक वेळी खरंच सांगितलं, काहीतरी हललं होतं. तीन महिने बाबा कापलेल्या वायरीच्या भरवशावर झोपले, हे मला चोरीपेक्षा लहान वाटत नाही.

तुम्ही बसवणाऱ्याला ज्या वेळी वाजतो त्याच वेळी बोलवा, त्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. सेन्सरसमोर कूलर, पडदा, उन्हाची खिडकी नको. अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या ऑटो डायलरमध्ये घरचा आणि शेजाऱ्याचा नंबर टाका. पोलिसांचा ११२ आपण स्वतः खात्री करून लावायचा. शटर वाऱ्यानं खडखडत असेल तर त्यावरचा चुंबकाचा स्विचही अलार्म वाजवतो, पट्ट्या कसून घ्या.

हो, बॅटरीचं राहिलं. बंद दुकानाच्या उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत बसते, लाइट गेली की पॅनल वेडंवाकडं वागतं. आणि मे महिन्यात आत हवाच अंगाइतकी तापली की सेन्सरला माणूस नीट ओळखू येत नाही, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबू नका. अलार्म बंद ठेवायचाच असेल, तर ज्याच्या उशाशी फोन असतो त्याला सांगून ठेवा.