छोटा चेस प्रोग्राम लिहितोय, कोड साधा ठेवू की ताकद वाढवू?

साधाच ठेव, पण दोन गोष्टी सोडू नकोस. मी माझा ठाणे-वाशी लोकलमध्ये येताजाता लिहिला, तर तो ४ चाली खोल बघायचा आणि शेवटच्या चालीत वजिराने प्यादं मारलं की फायदा धरायचा, पुढच्याच चालीत वजीर जातोय हे त्याला दिसायचंच नाही. म्हणून शेवटाला मारामारी थांबेपर्यंत फक्त मारायच्या चाली बघत राहायचं, थोड्याच ओळी लागतात पण खेळ एकदम सुधारतो. दुसरं म्हणजे अल्फा-बीटात (निकाल बदलू शकणार नाहीत अशा चाली न बघताच सोडणारी शोधपद्धत) मारायच्या चाली आधी तपास, क्रम अगदी परफेक्ट लागला तर साध्या मिनिमॅक्सपेक्षा (दोन्ही बाजूंच्या सगळ्या चाली तपासणारी पद्धत) जवळपास दुप्पट खोल जाता येतं. शिवाय प्रत्येक सोंगटीला ६४ घरांचं टेबल दे, म्हणजे कुठल्या घरात ती किती उपयोगी याचे गुण, मग घोडा कोपऱ्यात बसणार नाही. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची यादी) आत्ता नकोच.