वाचकांचे प्रश्न : प्रकाशाची पुडकी आणि अणूंच्या रेघा

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी एलईडी वापरून प्लांक स्थिरांक (प्रकाशकणाची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा आकडा) काढायचा प्रयोग केला. दिवा उजळू लागतो तो व्होल्टेज मोजला आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार × व्होल्टेज × तरंगलांबी ÷ प्रकाशवेग हे सूत्र वापरले. लाल एलईडीवर (६३० नॅनोमीटर) १.५८ व्होल्ट मिळाले, निळ्यावर (४७० नॅनोमीटर) २.३० व्होल्ट. स्थिरांक ५.३ आणि ५.८ (× १०^−३४ ज्यूल-सेकंद) आला. पुस्तकात ६.६३ आहे. जोडणीत चूक झाली का? (अकरावीतील विद्यार्थी, सातारा)

उत्तर : तुमची मोजणी चांगली आहे, हिशेबाची पद्धत बदलायला हवी. सूत्रात असे धरले आहे की प्रकाशकणाची सगळी ऊर्जा बॅटरीने दिली. तसे होत नाही. ६३० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा १.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते (१२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते, हे सूत्र पाठच करून ठेवा). पण एलईडी १.५८ व्होल्टवरच उजळू लागला. एलईडीच्या आतल्या स्फटिकातल्या सगळ्याच इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते. उष्णतेमुळे काही थोडे इलेक्ट्रॉन सरासरीच्या बरेच वर असतात आणि मंद प्रकाश त्यांच्यापासून निघतो. बॅटरी जे कमी देते, ते स्फटिकाच्या उष्णतेतून येते. ही तूट प्रत्येक रंगात असते, म्हणून एकेका एलईडीवरून काढलेला स्थिरांक नेहमी कमीच भरतो.

उपाय म्हणजे उतार काढणे. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज घ्या. तूट सगळ्यांत साधारण सारखी असेल तर रेषा खाली सरकते, पण तिचा उतार तोच राहतो. तुमचेच आकडे घेऊ. व्होल्टेजमधला फरक ०.७२ आहे आणि वारंवारतांमधला फरक १.६२ × १०^१४ हर्ट्झ. भागाकाराला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणले की ७.१ × १०^−३४ ज्यूल-सेकंद मिळतात, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त. टेबलावरच्या प्रयोगासाठी हे उत्तर उत्तम आहे. दोनच बिंदूंवर मात्र थांबू नका, पिवळा (५९०) आणि हिरवा (५२५) एलईडीही घ्या.

आता मोजण्याबद्दल. ‘दिवा नुकताच दिसू लागला’ ही खूण टाळा. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत तीक्ष्ण असतो, तांबड्या-निळ्याला बराच बोथट. त्यामुळे हिरवा एलईडी लवकर ‘पेटतो’ आणि रेषेत खळगा पडतो. त्याऐवजी सगळ्या एलईडींमधून सारखाच, ठरावीक सूक्ष्म प्रवाह जाऊ द्या. चार पेन्सिल सेल (६ व्होल्ट) १ किलोओहमच्या पॉटच्या (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या तीन पायांच्या रेझिस्टरच्या) बाहेरच्या दोन पायांना जोडा. मधल्या पायापासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय सेलच्या ऋण टोकाला. पॉट शून्यापासून हळूहळू फिरवा. रेझिस्टरच्या दोन टोकांत ०.१० व्होल्ट दिसले की प्रवाह १० मायक्रोअँपिअर झाला. तिथे पॉट सोडा आणि मीटर एलईडीवर लावून वाचन घ्या.

हा प्रयोग बिघडण्याची ठरलेली कारणे आहेत. काट्याचा जुना मीटर वापरला तर तो स्वतःच एलईडीइतका प्रवाह खातो. डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणून तोच घ्या. पांढरा एलईडी चालत नाही, कारण आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणारा लेप) असतो. ‘गुलाबी’ एलईडीचीही तीच गत. खोलीतला उजेड एलईडीवर पडला की तो सौरघटासारखा स्वतःच व्होल्टेज तयार करतो, म्हणून त्यावर काळ्या कागदाची नळी घाला. तरंगलांबी दुकानदाराला विचारून लिहू नका, पाकिटावरचा किंवा डेटाशीटमधला आकडा घ्या. ‘हिरवा’ या एकाच नावाखाली जुन्या प्रकारचा ५६५ आणि नव्या प्रकारचा ५२५ असे दोन्ही विकले जातात, आणि चुकीचा आकडा धरला तर तो बिंदू रेषेबाहेर जातो. शेवटची गोष्ट : लाल-पिवळे एका संयुगाचे आणि निळे-हिरवे दुसऱ्या संयुगाचे असतात, त्यामुळे त्यांची तूट तंतोतंत सारखी नसते. तुमचे ७ टक्के बहुधा तिथूनच आले आहेत.

परीक्षकांनी अचूकतेबद्दल विचारले तर हेही सांगा : २० मे २०१९ पासून प्लांक स्थिरांकाची किंमत ६.६२६०७०१५ × १०^−३४ अशी कायमची ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या तिच्यावर उभी आहे. म्हणजे तुमच्या प्रयोगातली तफावत ही एलईडीची आणि मोजण्याची माहिती देते. प्रकल्पाच्या वहीत हाच मुद्दा ठळकपणे मांडावा, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : सीडीच्या तुकड्यातून ट्यूबलाइट पाहिली तर वेगवेगळ्या रंगीत रेघा दिसतात, नव्या एलईडी बल्बमध्ये मात्र सलग पट्टा दिसतो. प्रकाश दोन्हींत अणूंमधूनच येतो ना? (विज्ञान शिक्षिका, लातूर)

उत्तर : अणूंमधूनच येतो, पण ट्यूबमध्ये पाऱ्याचे अणू विरळ वायूत सुटे असतात. सुट्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला मोजक्याच ऊर्जापातळ्या असतात. तो वरून खाली आला की त्या दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढीच ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर पडते. म्हणून पाऱ्याच्या रेघा ४३६ (जांभळट निळी), ५४६ (हिरवी) आणि ५७७-५७९ (पिवळी जोडी) नॅनोमीटरवर ठाम दिसतात. पाऱ्याचा सर्वांत जोरदार प्रकाश २५४ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील असतो. तो आपल्याला दिसत नाही, पण काचेच्या आतल्या लेपाला उजळवतो. ट्यूबमधली ६११ च्या आसपासची लाल रेघ त्या लेपातल्या युरोपिअमची आहे. एलईडीच्या चिपमध्ये असंख्य अणू एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्या पातळ्या एकमेकींत मिसळून रुंद पट्टे बनतात, म्हणून रेघेऐवजी ४५० नॅनोमीटरजवळ निळा उंचवटा येतो. पुढचा हिरवा-पिवळा-लाल भाग फॉस्फरचा. दोहोंच्या मध्ये, ४८० च्या जवळ, उजेड स्पष्ट कमी झालेला दिसेल. मुलांना तो शोधायला सांगा.

रेघा पुसट दिसत असतील तर प्रकाश आत येण्याची फट रुंद आहे. बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे तुकडे समोरासमोर चिकटवा आणि मध्ये साधारण ०.२ मिलिमीटर फट ठेवा. फट सरळ उभी आणि सीडीच्या खाचांना समांतर हवी. तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर सीडी तिरपी बसवा आणि आत काळा कागद लावा. सीडीच्या खाचांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते. डीव्हीडीत ते ०.७४ असल्याने रंग जास्त फाकतात, पण रेघांना कमानही जास्त पडते. मीठ गॅसच्या ज्योतीत धरले की सोडिअमची पिवळी रेघ दिसेल. ती ५८९.० आणि ५८९.६ अशी जोडी आहे, पण या खोक्यात ती एकच दिसणार. त्या दोघींतला कोन फटीच्या कोनापेक्षा लहान पडतो. सूर्याकडे खोके कधीही रोखू नका. उजळ ढगाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे रोखा.

प्रश्न : जस्ताचा पत्रा आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शी (प्रभार असला की सोन्याची पाने फाकणारे उपकरण) वापरून प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटणे, दाखवायचा आहे. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च वापरला, पाने हललीच नाहीत. (कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक, रत्नागिरी)

उत्तर : टॉर्चचा प्रकाश ३९५ किंवा ३६५ नॅनोमीटरचा असतो. त्याच्या प्रकाशकणात ३.१ किंवा ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा आहे आणि जस्तातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ४.३ लागतात. टॉर्च कितीही प्रखर केला तरी प्रत्येक कण कमीच पडतो आणि दोन कणांची ऊर्जा एकत्र होत नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलेला मुद्दा नेमका हाच. म्हणजे तुमचा ‘फसलेला’ प्रयोग हा धड्याचा अर्धा भाग आहे, तो वर्गात मुद्दाम दाखवा.

दुसऱ्या अर्ध्यासाठी २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली अतिनील नळी हीच असते (४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट). हा प्रकाश डोळ्याला आणि कातडीला भाजतो. नळी सर्व बाजूंनी बंद खोक्यात ठेवा, प्रकाश फक्त पत्र्याकडच्या भोकातून बाहेर येऊ द्या आणि चष्मा-हातमोजे घातल्याशिवाय चालू करू नका. विद्यार्थ्यांच्या हातात ती देऊ नये. पत्रा प्रयोगाच्या आधी लगेच पॉलिश पेपरने घासा, कारण तासाभरात ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. विद्युतदर्शीला ऋण प्रभार द्या; लोकरीवर घासलेला पीव्हीसी पाइप पत्र्याला टेकवला की पुरते. धन प्रभार दिला तर सुटलेले इलेक्ट्रॉन परत ओढले जातात आणि पाने तशीच राहतात. मध्ये साधी काच धरली की परिणाम थांबतो, हेही दाखवा. आणि रत्नागिरीत हा प्रयोग पावसाळ्यात करू नका, दमट हवेत प्रभार आपोआप झिरपतो.

प्रश्न : ‘आपण पाहिले की इलेक्ट्रॉन लाट राहत नाही, कण होतो’ असे एका व्याख्यानात ऐकले. म्हणजे मनाचा पदार्थावर परिणाम होतो का? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : नाही. इथे ‘पाहणे’ म्हणजे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची खूण बाहेरच्या जगात कुठेतरी उमटणे. ती खूण कोणी वाचली की नाही, याने काही फरक पडत नाही.

१९८९ मध्ये जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी दोन वाटा असलेल्या यंत्रातून इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. यंत्रात एका वेळी बहुधा एकच इलेक्ट्रॉन असे. पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका उमटे. थोडे ठिपके जमले तेव्हा काहीच आकार नव्हता, हजारो जमल्यावर उजळ-अंधाऱ्या पट्ट्या स्पष्ट झाल्या. एकेकटा इलेक्ट्रॉनही दोन्ही वाटांनी जाणाऱ्या लाटेचे नियम पाळतो आणि सापडतो मात्र एका जागी. हे सगळे उपकरणाने टिपले, तिथे मन कुठेच लागले नाही.

मनाचा प्रश्न निकाली काढणारा प्रयोग व्हिएन्नातला आहे, २००४ चा. तिथे ७० कार्बन अणूंच्या रेणूंचेही असेच लाटांचे (व्यतिकरण) पट्टे मिळत होते. मग रेणू लेझरने तापवले. तापलेला रेणू वाटेत स्वतःच उष्णतेचे प्रकाशकण बाहेर टाकतो, आणि त्या कणांत रेणू कुठे होता याची माहिती असते. जसजसे तापमान वाढले तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. ते प्रकाशकण कोणी पकडले नाहीत, पाहिलेही नाहीत. निर्वात पेटीच्या भिंतीवर ते आदळून गेले एवढेच, तरी पट्टे गेले. व्याख्यात्याने ही गोष्ट सांगितली असती तर गैरसमज उरला नसता. मापनात अनेक शक्यतांमधून एकच निकाल का मिळतो, यावर मात्र भौतिकशास्त्रज्ञांत आजही खरोखर मतभेद आहेत.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, असे सांगतात. आमच्या गावाला त्याचा अभिमान आहे. हे खरे का? (वाचक, देवगड तालुका)

उत्तर : दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून गुंटूरकडे गेला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि तो ग्रहणाविनाही दिसू शकतो हे दुसऱ्या दिवशी दाखवले. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याच ज्वाळांमधली पिवळी रेघ नोंदवली. ती सोडिअमच्या जोडीजवळ होती, पण तिच्या जागी नव्हती : ५८७.६ नॅनोमीटर. पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजातून. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ती मोठी, नोंदवलेली मोहीम होती. गावाला अभिमान वाटावा असे त्यात पुष्कळ आहे, त्यासाठी तारीख बदलायची गरज नाही.

ही रेघ रोजच्या सूर्यप्रकाशात काळी रेघ म्हणून का दिसत नाही, हे पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) कळते. रेघ उमटायला इलेक्ट्रॉन आधी ज्या पातळीवर हवा, ती हेलियमच्या तळापासून जवळजवळ २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग ५८०० केल्विनचा, तिथे कणांमागे उष्णतेची ऊर्जा अर्धाच इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिथल्या हेलियमचे अणू जवळपास सगळे तळपातळीवरच बसलेले असतात. कडेवरच्या जास्त उष्ण थरातच ही रेघ उजळते.

जवळच्या महाविद्यालयात हेलियमची विसर्गनळी (विजेने आतला वायू उजळणारी काचेची नळी) असेल तर वर सांगितलेल्या सीडीच्या खोक्यातून आधी ती आणि मग मिठाची ज्योत पाहा. पट्टीच्या खुणा खोक्यात आधी आखून ठेवा. हेलियम आणि सोडिअमच्या पिवळ्या रेघांमध्ये सुमारे १.७ नॅनोमीटरचा फरक आहे आणि फट ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद असेल तर तो ओळखू येतो.