2023 ची वरना टर्बो डीसीटी की होंडा सिटी सीव्हीटी? मागे आई-वडील, रोज मानपाडा ते महापे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर ठाण्यात घोडबंदर रोडच्या मानपाड्याला, ऑफिस महापे एमआयडीसीत, आठवड्यातून तीन-चारदा आई-वडील मागे बसणार, आईचे गुडघे दुखतात, आणि 2023 च्या दोन सेकंडहँड गाड्या डोळ्यांसमोर आहेत: ह्युंदाई वरना एसएक्स(ओ) टर्बो डीसीटी आणि होंडा सिटी झेडएक्स सीव्हीटी (डीसीटी आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन प्रकार). सोयी कोणात जास्त आणि आराम कोणात जास्त?

सोयींची यादी वरनाचीच लांब आहे. तरीही तुमच्या घरासाठी मी सिटी सुचवेन आणि त्याचं मुख्य कारण मागचं दार आहे.

वरनाचं छप्पर मागे उतरतं घेतलंय. आत शिरल्यावर गुडघ्यांपुढे जागा भरपूर मिळते, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2670 मिलिमीटर आहे, सिटीचा 2600. पण शिरताना मान जास्त वाकवावी लागते, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर वाकणं हेच सगळ्यात त्रासाचं. सिटीची उंची 1489, वरनाची 1475. आकड्यांत फरक बोटभर दिसतो, पण दाराच्या चौकटीपाशी तो जास्त जाणवतो.

हे घरीच मोजून ठरवा. आई ज्या खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठतात तिच्या बैठकीची उंची टेपने घ्या. साधारण 45 सेंटीमीटर निघेल. मग दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटची कड जमिनीपासून किती वर आहे ते मोजा, आणि मोजताना त्या जागी कुणीतरी बसलेलं असू द्या, कारण फोम दबतो. खालची निघालेली सीट दोन इंचांच्या घट्ट उशीने वर घेता येते. मऊ उशी नको, ती बसल्याबरोबर चेपते. वरनात मात्र ही उशी ठेवली की डोक्यावरची जागा तेवढीच कमी होते, आणि बाबा उंच असतील तर केस छताला लागतील. गाडी बघायला जाताना आई-बाबांना घेऊनच जा. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवा, आईंना आधी पाठीमागे टेकत बसू द्या आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायला सांगा. असं तीनदा चढ-उतार केलं की कुठली गाडी त्यांना झेपते ते त्यांच्या चेहऱ्यावरच कळेल.

आता चालवणाऱ्याचं. मानपाड्याहून कापूरबावडी, माजिवडा, पुढे कळवा-विटावा आणि ठाणे-बेलापूर रोड, म्हणजे निम्मा वेळ ब्रेकवर पाय. इथे वरनाच्या दोन सोयी खरोखर कामाच्या आहेत. पहिली इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आणि ऑटो होल्ड: सिग्नलला गाडी थांबली की पाय उचलायचा, गाडी जागेवर राहते. पेट्रोल सिटीत हाताने ओढायचा साधा हँडब्रेक आहे. दुसरी म्हणजे पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करणारा, स्टॉप-अँड-गो असलेला अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ. पुढची गाडी थांबली की ही थांबते; तीनेक सेकंदांपेक्षा जास्त थांबली तर बटण किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबून पुन्हा सोडावी लागते. पेट्रोल सिटीतली ही यंत्रणा 30 च्या वेगाखाली काम करत नाही, म्हणजे तुमच्या रस्त्यावर ती बहुतेक वेळ बंदच. पण एक सांगतो, माजिवड्याच्या गर्दीत मी वरनातही ती वापरू नका म्हणेन. पुढे थोडी जागा सुटली की बाइक घुसते, गाडी दचकून ब्रेक लावते आणि मागे बसलेल्यांची मान हलते.

याच गर्दीत डीसीटीचा दुसरा चेहरा दिसतो. वरनाचा सात गिअरचा डीसीटी ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा आहे. मॅन्युअल गाडीत आपण हाफ क्लचवर रखडतो तसंच इथे यंत्र आतल्या आत करतं. ताशी 3-5 किलोमीटरने सरकत राहिलं की क्लच घासतो, तापतो, आणि निघताना हलका झटका बसायला लागतो. म्हणून वरना घेतलीच तर पुढे दोन गाड्यांएवढं अंतर पडू द्या आणि मग एकदम नीट निघा, इंच-इंच सरकू नका. सोसायटीच्या पोडियमच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. ट्रायल शोरूमच्या आवारात घेऊ नका. वीस मिनिटं गर्दीत फिरवा आणि मग रॅम्पवर रिव्हर्स घ्या. तेव्हा थरथर किंवा जळका वास आला तर ती गाडी सोडा. सिटीच्या सीव्हीटीत क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यामुळे सरकणं लोण्यासारखं. जोरात पाय दिला की मात्र इंजिन घुमतं, आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. गायमुखच्या घाटात हे ऐकू येईल. सर्व्हिसच्या नोंदींत सीव्हीटीचं एचसीएफ-2 तेल बदलल्याचं लिहिलंय का तेवढं पाहा.

एसीबद्दल जरा सविस्तर, कारण रोज हात तिथेच जातो. सिटीत एसीचे तीन गोल नॉब आहेत. रस्त्यावरून नजर न काढता बोटांनी तापमान फिरवता येतं. वरनात स्क्रीनखाली एकच पट्टी आहे आणि ती एसी व म्युझिक अशी आलटून-पालटून चालते. तेच दोन नॉब, पण पट्टी एसीवर असेल तर तापमान बदलतात आणि म्युझिकवर असेल तर आवाज. गाणं मोठं करायला जावं आणि बाबांकडून "थंडी वाजतेय" असं यावं, हा प्रकार या पट्टीमुळे होतो. आवाजासाठी स्टिअरिंगवरची बटणं वापरायची सवय लावली की हा त्रास बराचसा जातो.

मागे दोन्ही गाड्यांत झडपा आहेत, पण हवा पुढच्याच ब्लोअरची. मे महिन्यात आधी दोन मिनिटं काचा खाली ठेवून कोंडलेली हवा जाऊ द्या, मग रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू करा आणि मागच्या झडपा छताकडे वळवा. थंड हवा वरून खाली उतरते, थेट गुडघ्यांवर मारा होत नाही. सनरूफचा पडदा उन्हात बंदच ठेवा. सिटीच्या रिमोटवर सगळ्या काचा बाहेरूनच खाली घेता येतात, उघड्यावर पार्किंग असेल तर ही फार मोलाची सोय आहे.

वरनाच्या पुढच्या व्हेंटिलेटेड सीट ही सिटीत नसलेली आणि आपल्या दमट हवेत मनापासून आवडेल अशी सोय. त्या थंडावा तयार करत नाहीत. सीटमधला पंखा केबिनचीच हवा भोकांमधून खेळवतो, त्यामुळे आधी केबिन गार व्हावी लागते. तपासायला सीटवर टिश्यू पेपर पसरा आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवा: कागद हलायला किंवा चिकटायला हवा. पाठीचा आणि बैठकीचा भाग वेगवेगळा बघा. जुन्या मालकाने वरून लेदरेटचे कव्हर चढवले असतील तर भोकं बुजतात आणि ही सोय मेली म्हणून समजा. त्याहून गंभीर म्हणजे दोन्ही गाड्यांत पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग आहेत. घट्ट शिवलेलं कव्हर त्यांच्या वाटेत येतं. गाडी कुठलीही घ्या, कव्हर काढून टाका.

खड्ड्यांसाठी टायर बघा. सिटीचा 185/55 आर16, वरनाचा 205/55 आर16. म्हणजे रबराची बाजू सिटीत साधारण 102 मिलिमीटर, वरनात 113. लहान खड्ड्यात वरना थोडी मऊ जाते. ग्राउंड क्लिअरन्स दोन्हीचा 165, पण पाच जण बसल्यावर लांब व्हीलबेसमुळे वरनाचं पोट उंच गतिरोधकाला आधी लागतं. तो तिरका ओलांडा. हवा दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकीच भरा. पंपावर सवयीने जास्त भरतात आणि मग दोष सस्पेन्शनला जातो.

डिकी वरनाची 528 लिटर, सिटीची 506. व्हीलचेअर किंवा वॉकर दोन्हीत मावतो. चावी खिशात ठेवून मागे तीन सेकंद उभं राहिलं की वरनाची डिकी सुटते. हात भरलेले असताना उपयोगी. सिटीत डावा इंडिकेटर दिला की डाव्या आरशाखालचा कॅमेरा स्क्रीनवर येतो, आणि डावीकडून घुसणाऱ्या बाइक त्यात स्पष्ट दिसतात. घोडबंदरला हा कॅमेरा रोज कामाला येईल.

पैसे देण्याआधी दोन कामं. सनरूफ उघडून चौकटीच्या पुढच्या कोपऱ्यांतल्या पन्हळीत थोडं-थोडं करून अर्धा लिटर पाणी ओता. ते गाडीखाली ठिबकायला हवं. ठिबकलं नाही तर नळी धुळीने बंद आहे आणि जुलैत पाणी छताच्या कापडातून आत येईल. मॅट उचलून खालच्या कार्पेटला हात लावा, छताच्या कोपऱ्यांत पिवळट डाग शोधा. मग ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. मेट्रोच्या कामांच्या धुळीत राहणाऱ्या गाडीचा तो वर्षभर टिकत नाही, सहा महिन्यांनी बघावाच लागतो.

दुसरं काम मोबाइलवरचं. गाडी मोबाइलला जोडणाऱ्या सेवांपैकी वरनाच्या ब्लूलिंकची मोफत मुदत तीन वर्षांची, सिटीच्या होंडा कनेक्टची पाच. 2023 च्या वरनात ती संपली असेल किंवा संपत आली असेल, तेव्हा मोबाइलवरून एसी चालू करण्याचे पैसे वेगळे धरा. आणि जुन्या मालकाचं खातं तुमच्यासमोर गाडीतून काढून घ्या, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याच्या फोनवर दिसत राहील.