हेडफोन आणि सराउंड साउंडमुळे शूटर गेममध्ये खरंच खेळ सुधारतो का?

लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळताय आणि मित्र ७.१ चा हेडसेट (भोवती सात स्पीकर आणि एक बेसचा स्पीकर असल्याचा भास देणारा, म्हणजेच सराउंड साउंडवाला) घे म्हणून मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. हेडफोन जरूर घ्या. ७.१ साठी जास्तीचे पैसे मात्र घालवू नका. मी घालवलेत, म्हणून सांगतोय.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. ज्या बाजूला आवाज झाला, त्या कानाला तो जरा आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. हे ‘जरा आधी’ म्हणजे किती, तर आवाज अगदी एका अंगाने आला तरी जेमतेम ०.७ मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चालतो. लॅपटॉपचे स्पीकर एकमेकांपासून वीतभर लांब. त्यात डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही जातो, वर भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो आणि गेम सुरू झाला की आतला पंखा घोंघावतो तो वेगळाच. शत्रूची पावलं ऐकू येणार कुठून? हेडफोन लावला की डावं डाव्या कानात, उजवं उजव्या कानात. विषय संपला.

यामुळे नेम सुधारत नाही, हेही सांगून टाकतो. भिंतीपलीकडचा गडी दिसत नसतो, पण ऐकू येतो. तो कोपऱ्यावरून बाहेर पडायच्या आधीच तुमचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, तिथे जाऊन थांबलेला असतो. आतल्याने रीलोड केलं हे ऐकू आलं, तर आत घुसायची वेळ तीच. खेळात फरक पडतो तो इथे.

आता सराउंड. कान दोनच, आणि बहुतेक ७.१ हेडसेटमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, तेही दोनच. बाकीचं सॉफ्टवेअर करतं. काही हेडसेटमध्ये खरोखर जास्त ड्रायव्हर असतात, पण तेही सगळे कानाला चिकटूनच. त्यातून मागचा आवाज मागून कसा येणार?

खरी अडचण समोर-मागेची आहे. बरोबर समोरून आणि बरोबर पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखाच मोठा पोचतो. तिथे कानाच्या बाहेरच्या वळ्या-वळणांचा उपयोग होतो. आवाज तिथे आदळून थोडा बदलतो आणि त्या बदलावरून मेंदू समोर, मागे, वर, खाली ओळखतो. हा बदल गणिताने हेडफोनमध्ये आणायचा, म्हणजे एचआरटीएफ. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये तो २०१६ मध्ये आला, व्हॅलोरंटमध्ये २०२१ मध्ये. ओव्हरवॉचला हेडफोनसाठी डॉल्बी ॲटमॉस हा तसाच प्रकार होता. या गेमना आवाज नकाशावर नेमका कुठे झालाय हे माहीत असतं. हेडसेटच्या ७.१ ला ते माहीत नसतं. त्याच्या हाती आधीच सात कप्प्यांत वाटून टाकलेला आवाज येतो आणि त्यावर ते आपली कारागिरी करतं. दोन्ही एकदम चालू ठेवलं तर चष्म्यावर चष्मा चढवल्यासारखं होतं.

मी हे मावसभावाला घेऊन करून पाहिलं. गेममधली खासगी लॉबी, म्हणजे फक्त आम्ही दोघंच, मी डोळे मिटून उभा, तो भोवती पळतोय आणि मी बोट दाखवतोय. हेडसेटचं ७.१ चालू असताना डावं-उजवं बरोबर यायचं, पण समोर-मागे सारखं चुकायचं आणि सगळंच न्हाणीघरात चाललंय असं वाटायचं. ते बंद करून फक्त गेममधला एचआरटीएफ ठेवला तर चुका कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, कारण तो एचआरटीएफ माझ्या कानांवरून बनवलेला नाही. स्फोट मात्र ७.१ वर झकास वाजतात, सिनेमा बघायला लावा हवं तर.

समोर-मागेचा गोंधळ झाला की मी माउस किंचित उजवीकडे फिरवतो. आवाज डावीकडे सरकला तर माणूस समोर आहे, उजवीकडे सरकला तर पाठीमागे. प्रत्यक्षातही आपण मान वळवून हेच करतो, फक्त लक्षात येत नाही.

एक अपवाद आहे. गेममध्ये स्वतःचा एचआरटीएफ नसेल पण ७.१ आउटपुट असेल, तर हेडसेटचं किंवा विंडोजचं सराउंड लावून बघा. साध्या स्टीरिओत समोर-मागेचा फरक जवळजवळ नसतोच, तिथे काहीतरी हाती लागतं. खोलीत चारी बाजूंनी मांडलेले खरे स्पीकर उत्तमच, पण तुमच्या माइकमधून तो सगळा गोंगाट टीमच्या कानात जाईल.

विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन नावाची एक सेटिंग आहे. ती चालू केली की पावलं मोठी होतात, म्हणून पुष्कळ जण सुचवतात. पण ती बारीक आवाज वर आणते आणि मोठा खाली दाबते, त्यामुळे जवळचा-लांबचा अंदाज जातो. मी बंदच ठेवतो.

आणि ब्लूटूथ नको. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त लागतात, तोवर समोरच्याने गोळी झाडलेली असते. त्यातच माइक चालू केला की बरेच हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात. आवाज फोनवरच्यासारखा होतो, डावं-उजवंही जातं. वायरचा साधा, कानाला न रुतणारा स्टीरिओ हेडफोन घ्या. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा.

कुठला गेम खेळता ते लिहिलं नाहीत. लिहिलंत तर मेनूत नक्की काय चालू-बंद करायचं तेही सांगतो.