जुन्या टॅबलेटवरून अख्खं होम थिएटर चालवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोजेक्टर, एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज-चित्र घेऊन स्पीकर आणि पडद्याकडे पाठवणारी पेटी), टीव्ही, मीडिया प्लेअर आणि दिवे मिळून पाच रिमोट झालेत, एक जुना टॅबलेट पडून आहे, तर एका बटणात सगळं सुरू होईल असं काही घरच्या घरी बनवता येईल का, आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग किती यावं लागतं?

येईल. मी बनवलंय, रोज वापरतो, आणि आतापर्यंत दोनदा मोडून पुन्हा उभं केलंय. प्रोग्रॅमिंग थोडं लागतं, चिकाटी बरीच लागते. पूर्वी लोक अशा कामासाठी सरळ लॉजिटेकचा हार्मनी रिमोट घ्यायचे, पण कंपनीने २०२१ साली ते बनवणं थांबवलं आणि माझ्यासारखे बरेच जण या वाटेला लागले.

पहिल्या खेपेला मी कुठे आपटलो ते आधी सांगतो, कारण तिथे जवळपास सगळेच आपटतात. मी टॅबलेटवर रिमोटची चित्रं काढली. पाच रिमोट, पाच पानं. मग 'सिनेमा' नावाचं एक बटण केलं, जे रिसीव्हरचं पॉवर, प्रोजेक्टरचं पॉवर, प्लेअरचं पॉवर असं ओळीने 'दाबायचं'. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी आईने दुपारी गाणी ऐकायला रिसीव्हर त्याच्याच रिमोटने चालू केला होता. संध्याकाळी मी ऐटीत 'सिनेमा' दाबलं. प्रोजेक्टर चालू झाला, प्लेअर चालू झाला, रिसीव्हर बंद झाला. दुरुस्त करायला पुन्हा दाबलं, तर रिसीव्हर आला आणि प्रोजेक्टर पडद्यावर विचारू लागला की खरंच बंद करू का.

चूक अशी होती की पॉवरचं बटण बहुतेक रिमोटवर उलटापालट करणारं असतं. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. माणसाला समोर दिसत असतं म्हणून चालून जातं. टॅबलेटला काहीच दिसत नाही, त्यामुळे तो निव्वळ उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणून दुसऱ्या वेळी मी बटणाचा अर्थच बदलला. 'सिनेमा' म्हणजे 'प्रोजेक्टर चालू असलेला हवा, रिसीव्हर चालू असलेला हवा, इनपुट प्लेअरचं हवं'. जे आधीच तसं असेल त्याला हात लावायचा नाही. ते बटण दहा वेळा दाबलं तरी काही बिघडता कामा नये. ही एकच गोष्ट धरून ठेवलीत तर बाकीचे सगळे निर्णय आपोआप सुचत जातात.

पहिला निर्णय हा की टॅबलेट फक्त दर्शनी भाग. डोकं दुसरीकडे. टॅबलेट झोपतो, त्याचं वायफाय तुटतं, कुणीतरी तो उचलून दुसऱ्या खोलीत नेतं. कुठलं यंत्र चालू आणि कुठलं बंद याचा हिशोब त्याच्यावर सोपवला तर तो रोज चुकेल. माझ्याकडे हे काम एक रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक करतो, त्यावर होम असिस्टंट हे घरातली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं. २०१३ पासूनचा हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे, आणि बाजारातल्या बहुतेक नावाजलेल्या रिसीव्हर, टीव्ही आणि दिव्यांशी बोलायची सोय त्यात तयार मिळते. टॅबलेटवर फक्त ब्राउझर उघडायचा आणि पायच्या पत्त्यापुढे ८१२३ हा पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक म्हणा) द्यायचा. तेच पान फोनवरही उघडतं, म्हणजे टॅबलेटची बॅटरी संपली तरी अडत नाही.

आता यंत्रांशी बोलायचं कसं. इथे माझा नियम असा: जे यंत्र उलट उत्तर देऊ शकतं त्याच्याशी तारेने किंवा वायफायने बोला, आणि जे मुकं आहे त्याच्यासाठीच इन्फ्रारेड वापरा.

रिसीव्हर बहुधा सगळ्यात सोपा निघतो. डेनॉन आणि मरांट्झचे नेटवर्क असलेले रिसीव्हर पोर्ट २३ वर साध्या मजकुरातल्या आज्ञा ऐकतात, ऑन्क्योचे पोर्ट ६०१२८ वर. कुणी समोरची चकती फिरवून आवाज वाढवला तरी रिसीव्हर स्वतःहून कळवतो आणि टॅबलेटवरचा आकडा हलतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी उगाचच पाच मिनिटं चकती फिरवत बसलो होतो. एक अडचण मात्र हमखास येते: यंत्र स्टँडबायमध्ये गेलं की नेटवर्कही झोपतं आणि 'चालू हो' ही आज्ञा ऐकायला कुणी जागं नसतं. सेटिंगमध्ये नेटवर्क कंट्रोल कायम चालू ठेवायचा पर्याय असतो, तो आधी शोधा. राउटरमध्ये प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ताही पक्का करून टाका, नाहीतर कधीतरी वीज जाऊन आल्यावर पत्ते बदलतात आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

प्रोजेक्टरला नेटवर्कचं तोंड असेल तर पुस्तिकेत पीजेलिंक हा शब्द आहे का पाहा. अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेली ही भाषा पोर्ट ४३५२ वर चालते. चालू आहेस का असं विचारलं की एका आकड्यात उत्तर येतं: ० म्हणजे स्टँडबाय, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे तापतोय. या २ आणि ३ साठी मी या भाषेचा ऋणी आहे. दिवा थंड होत असताना प्रोजेक्टर चालू व्हायच्या आज्ञेला जुमानत नाही, आणि ते ठाऊक नसेल तर आपण बटण बडवत बसतो. आता माझ्या टॅबलेटवर त्या वेळी बटण करडं होतं आणि 'थंड होतोय' असं दिसतं.

प्लेअर म्हणून कोडी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही उत्तम बोलतं. सिनेमा सुरू झाला, थांबवला, संपला, सगळं स्वतःहून कळवतं. दिवे मी 'सिनेमा' बटणाला जोडलेच नाहीत, कोडीला जोडलेत. खरंच चित्र सुरू झालं की दिवे मंद होतात, पॉज केलं की थोडे उजळतात. पाहुणे यालाच सगळ्यात जास्त भुलतात, आणि करायला हेच सगळ्यात सोपं होतं.

एचडीएमआय सीईसीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. एचडीएमआयच्या तारेतल्या १३ क्रमांकाच्या पिनवरून यंत्रं एकमेकांना 'चालू हो, बंद हो' सांगतात ती ही सोय. सॅमसंग तिला अ‍ॅनिनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. दोनच यंत्रं असतील तर ती झकास चालते आणि मग तुम्हाला या सगळ्या खटाटोपाची गरजही नाही. पण पाच यंत्रांत प्रत्येक जण आपल्या मनाने दुसऱ्याला उठवू-झोपवू लागतो. तुमचं डोकं एक सांगतंय, सीईसी दुसरंच. मी फक्त टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेण्यापुरती ती ठेवली आणि एकाने दुसऱ्याला बंद करायचा भाग सगळीकडे काढून टाकला.

उरलं इन्फ्रारेड. जुन्या टीव्हीला किंवा सेट टॉप बॉक्सला दुसरा इलाज नसतो. काही जुन्या फोन-टॅबलेटमध्ये इन्फ्रारेडचा दिवा असतो, तुमच्यात असला तरी त्याच्या नादी लागू नका. तो यंत्राच्या दिशेने धरावा लागतो, मग रिमोट काय वाईट? त्यापेक्षा ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या वायफायवाल्या चिपची छोटी सर्किटची पाटी घ्या, तिला ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी लावा आणि ती यंत्रांसमोर कायमची बसवा. पाटीत ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकलं की होम असिस्टंट तिला ओळखतं, कोड लिहावा लागत नाही, एक साधी सेटिंगची फाइल भरायची असते.

एलईडी थेट पिनला जोडू नका. ईएसपी८२६६ च्या पिनमधून १२ मिलिअँपिअरच्या आसपासच वीज घ्यावी, आणि खोलीच्या टोकापर्यंत पोहोचायला एलईडीला शंभरेक लागतात. मध्ये २एन२२२२ सारखा ट्रान्झिस्टर आणि योग्य रेझिस्टर घाला. एलईडी पेटतोय का हे डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर बहुधा जांभळट ठिपका दिसतो. निम्म्या तक्रारी या एका तपासणीत मिटतात.

रिमोटचे संकेत शिकून घ्यायला ३८ किलोहर्ट्झचा तीन पायांचा इन्फ्रारेड सेन्सर लागतो. मूळ रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं की कोड पडद्यावर येतो. सगळ्यात जास्त भेटतो तो एनईसी प्रकार: सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, ४.५ मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट. तो सरळमार्गी आहे. सोनीचा प्रकार ४० किलोहर्ट्झवर चालतो आणि तोच संदेश किमान तीनदा पाठवावा लागतो, एकदा पाठवलात तर टीव्ही ढिम्म राहतो. फिलिप्सच्या आरसी५ मध्ये एक बिट दर नव्या दाबाला पालटतो. तुम्ही रेकॉर्ड केलेला तोच संदेश जसाच्या तसा पुन्हा पाठवला तर यंत्राला वाटतं की बोट अजून बटणावरच आहे. चॅनल एकदा बदलतो, दुसऱ्यांदा बदलतच नाही. मी यावर अख्खा रविवार घालवला आणि दोष सोल्डरिंगचा समजून तीनदा डाग काढून पुन्हा दिले.

पण मुक्या यंत्राची स्थिती कळायची कशी? आधी शोधा की त्याला चालू आणि बंद यांचे वेगळे कोड आहेत का. रिमोटवर बटण नसलं तरी यंत्र असे कोड ओळखतं असं पुष्कळदा आढळतं, आणि लोकांनी जमवलेल्या याद्यांमध्ये ते सापडतात. नसतील तर वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावा: स्टँडबायमधला टीव्ही आणि चालू टीव्ही यांच्या वॅटमध्ये इतका फरक असतो की मध्ये कुठेही रेघ मारली तरी चालते. याहून स्वस्तातली युक्ती म्हणजे टीव्हीचा यूएसबी पोर्ट. बऱ्याच टीव्हींत तो टीव्हीबरोबरच बंद होतो. त्याचे ५ व्होल्ट दोन रेझिस्टरनी ३.३ च्या खाली आणून ईएसपीच्या पिनला दिले की झालं. मात्र प्रोजेक्टर बंद करायला हा स्मार्ट प्लग कधीही वापरू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थंड करत असताना वीज तोडणं म्हणजे दिव्याचं आयुष्य कमी करणं.

क्रम लावताना ठरावीक सेकंद थांबायच्या मोहात पडू नका. 'दहा सेकंद थांब, मग इनपुट बदल' हे नऊ दिवस चालतं आणि दहाव्या दिवशी रिसीव्हर बारा सेकंद घेतो. 'रिसीव्हर चालू असल्याचं सांगेपर्यंत थांब, तीस सेकंदांत काही कळलं नाही तर पडद्यावर सांग' असं लिहा. सुरुवात प्रोजेक्टरपासून करा, तो सगळ्यात आळशी, तोपर्यंत बाकीचे तयार होतात.

टॅबलेटच्या पडद्यावर काय ठेवायचं यावर फार वेळ घालवू नका. काळी पार्श्वभूमी, चार मोठी बटणं: सिनेमा, टीव्ही, गाणी, बंद. मी आधी चाळीस ठेवली होती, घरातल्या कुणी वापरली नाहीत. आवाजाचं बटण मात्र काचेवर ठेवूच नका. अंधारात नजर पडद्यावर असताना गुळगुळीत काचेवर बोट चाचपडतं आणि टॅबलेटचा उजेड तोंडावर येतो तो वेगळाच. आवाजासाठी हाताला कळणारी वस्तू हवी. मी एक झिगबीचा (बिनतारी जोडणीचा एक प्रकार) फिरवायचा खटका सोफ्याच्या हाताला चिकटवलाय.

टॅबलेट एकाच पानाला बांधून ठेवायला अँड्रॉइडवर फुली किओस्क ब्राउझर चांगला, आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस. टॅबलेट फारच जुना असेल तर त्याचा ब्राउझर होम असिस्टंटचं पान नीट उघडतो का, हे भिंतीत खाच पाडायच्या आधी बघा. आणि त्याला दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका. लिथियम बॅटरी कायम काठोकाठ भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, कधी फुगते. माझ्या पहिल्या टॅबलेटची काच एका सकाळी चौकटीतून वर आलेली दिसली, तेव्हा मी त्याला हळूच उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं. आता चार्जर स्मार्ट प्लगवर आहे: ३० टक्क्यांना चालू, ७५ ला बंद, आणि हे टॅबलेट स्वतःच डोक्याला सांगतो.

या यंत्रांच्या आज्ञांना बहुधा पासवर्ड नसतो, तेव्हा राउटरमधून बाहेरच्या जगासाठी हे पोर्ट उघडू नका. आणि जुने पाचही रिमोट सेल काढून एका खणात ठेवा. पाय बिघडेल त्या दिवशी लागतील.

तुमच्या प्रोजेक्टरच्या आणि रिसीव्हरच्या मागे कोणकोणती तोंडं आहेत ते प्रतिक्रियेत लिहा. नऊ पिनांचं आरएस-२३२ हे जुन्या पद्धतीचं तारेचं तोंड दिसलं तर नेटवर्क नसलं तरी काम भागतं, त्याला मॅक्स३२३२ ची व्होल्टेज जुळवणारी छोटी पाटी मध्ये घालून ईएसपी कशी जोडायची ते मी तिथेच सांगेन.