वाचकांचे प्रश्न : स्किझोफ्रेनिया आणि मेंदूचा स्कॅन

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टर म्हणाले. एमआरआय मात्र नॉर्मल आला. मग निदान चुकलं का?

नाही. हे निदान लक्षणांवरून होतं : ती कोणती, किती काळ टिकली, रोजच्या व्यवहारावर त्यांचा काय परिणाम झाला. गाठ, सूज, जुनी इजा असं दुसरं कारण नाही ना, हे तपासायला एमआरआय काढतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे यांपैकी काही आढळलं नाही.

संशोधनात फरक दिसतात, हे खरं आहे. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या रुग्णांमध्ये सरासरीने मोठ्या असतात, हे सीटी स्कॅनवर १९७६ मध्येच दिसलं होतं. २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्तींची मापं एकत्र केली. वय, लिंग आणि डोक्याचा आकार जमेस धरूनही हिप्पोकॅम्पस हा स्मरणशक्तीशी संबंधित भाग रुग्णांमध्ये लहान निघाला. मेंदूच्या आतल्या भागांतला तो सर्वांत मोठा फरक. तरीही दोन्ही गटांचे आलेख सुमारे ८० टक्के एकमेकांवर पडतात. कोणताही एक रुग्ण आणि कोणतीही एक निरोगी व्यक्ती घेतली, तर शंभरातल्या सुमारे ३७ वेळा रुग्णाचाच हिप्पोकॅम्पस मोठा निघेल. अशा मापावरून एका माणसाचं निदान करता येत नाही, आणि कोणी तसा दावा करून महागडा स्कॅन सुचवत असेल तर नकार द्यावा.

प्रश्न : कपाळामागचा मेंदू या आजारात कमी काम करतो असं एकीकडे वाचलं, जास्त काम करतो असं दुसरीकडे. खरं काय?

दोन्ही खरं आहे. काम किती अवघड दिलं होतं, ते पाहा.

नेहमीची चाचणी अशी असते : पडद्यावर दर दोनेक सेकंदांनी एक अक्षर येतं आणि दोन अक्षरांपूर्वीचंच पुन्हा आलं की बटण दाबायचं. सोप्या पायरीत एकच अक्षर मागचं आठवायचं, अवघड पायरीत तीन. फंक्शनल एमआरआय पेशींचं काम थेट पाहत नाही. तिथल्या रक्तातल्या प्राणवायूचा बदल तो टिपतो. हा बदल कामानंतर पाच-सहा सेकंदांनी शिखराला पोहोचतो आणि असतो जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून साधारण अर्ध्या मिनिटाचे तुकडे करून अवघड काम आणि सोपं काम आलटूनपालटून देतात आणि एकातून दुसरं वजा करतात.

१९७४ मध्ये इंग्वार आणि फ्रान्झेन या संशोधकांना रुग्णांच्या कपाळामागच्या भागाकडे रक्तप्रवाह तुलनेने कमी दिसला. १९८६ मध्ये वाइनबर्गर यांच्या गटाला पत्ते लावण्याच्या चाचणीत तसंच आढळलं. पुढे कामाचा भार पायरीपायरीने वाढवून पाहिल्यावर चित्र बदललं. सोप्या पायरीवर उत्तरं जवळपास तितकीच बरोबर असूनही रुग्णांचा हा भाग अनेकदा जास्त सक्रिय दिसतो : तेवढ्याच कामाला जास्त श्रम. भार वाढला की उत्तरं चुकतात आणि सक्रियताही खाली येते.

इथेच घोळ होतो. एका गटाची ९० टक्के उत्तरं बरोबर आणि दुसऱ्याची ६० असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की काम सुटून गेल्याचा? म्हणून बातमी वाचताना दोन्ही गटांची कामगिरी सारखी होती का, किंवा फक्त बरोबर उत्तरांचं विश्लेषण केलं का, ते शोधा. दुसरी गोम डोक्याच्या हालचालीची. अर्धा मिलिमीटर हालचालही सिग्नल बिघडवते. मेंदूचे दूरचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले असल्याचा त्यातून भास होतो, आणि रुग्णगट सरासरीने जास्त हलतो. हालचालीचा हिशेब न देणाऱ्या अभ्यासावर आम्ही विसंबणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचा चेहरा कायम कोरा असतो. तिला आतून काही वाटतच नसेल का?

वाटतं. आनंददायक चित्रं दाखवून विचारलं, तर बहुतेक रुग्ण त्या क्षणी वाटणारा आनंद निरोगी माणसांइतकाच सांगतात. चेहऱ्यावर मात्र तो कमी उमटतो. कमी पडते ती पुढच्या आनंदाची ओढ. बक्षीस मिळणार अशी खूण दिसताच व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग जागा होतो. ती जाग रुग्णांमध्ये मंद असल्याचं २००६ मध्ये औषधं न घेणाऱ्या रुग्णांतही दिसलं.

भीतीसारख्या भावनांशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या भागाबद्दल मोठा गैरसमज आहे. भ्यालेल्या चेहऱ्याच्या प्रतिसादातून निर्विकार चेहऱ्याचा प्रतिसाद वजा केला, की रुग्णांमध्ये बाकी कमी उरते. त्यावरून भावना बोथट झाल्याचा अर्थ लावला गेला. पण समजा, निरोगी गटात ५ वजा २ आणि रुग्णांत ५ वजा ४ असेल, तर? भीतीचा प्रतिसाद सारखाच आहे. निर्विकार चेहराच जास्त बोचतो आहे. काही अभ्यासांत नेमकं हेच आढळलं. तेव्हा तिच्याशी बोलताना तुमच्या चेहऱ्यावरून तिने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. 'मी रागावले नाही, दमले आहे' असं शब्दांत सांगा. एखाद्या गोष्टीची तिला ओढ वाटण्याची वाट न पाहता सोबतीने सुरुवात करा. करू लागल्यावर आनंद मिळू शकतो.

प्रश्न : अशा अभ्यासात भाग घ्यायचा तर गोळ्या थांबवाव्या लागतात का?

स्वतःहून एकही गोळी थांबवू नका. बहुतेक अभ्यासांत औषध चालूच असतं. डोस नोंदवून तो क्लोरप्रोमॅझिन या आजाराच्या जुन्या औषधाच्या समतुल्य मात्रेत मांडतात, म्हणजे वेगवेगळ्या औषधांची तुलना करता येते. पेसमेकर, शरीरातला धातू, बंद जागेची भीती आधीच सांगा. शेवटची सिगारेट आणि कॉफी कधी घेतली तेही सांगा, कारण दोन्हींमुळे मेंदूचा रक्तप्रवाह बदलतो. यंत्राचा आवाज मोठा असतो. कानात बोळे घालतात आणि हातात दाबायचा फुगा देतात. त्या आवाजात भास वाढले तर फुगा दाबून लगेच बाहेर येता येतं, त्याचं कारण द्यावं लागत नाही. तालमीचं बनावट यंत्र असेल तर आधी त्यात झोपून पाहा. आणि स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर ते कोण, किती दिवसांत कळवणार, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्या.